सतरा नंबर टाइप करतोय

गिरणगावाचा अभ्यास करायला माणसं येतात, याचं लालबागला आता काही अप्रूप उरलेलं नाही. केंब्रिजचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर इथले नाके, आखाडे आणि दादा यांच्यावर लिहून गेले. व्हान वेर्श नावाच्या डच अभ्यासकाने ८२ च्या गिरणी संपावर पुस्तक लिहिलं. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी तर गिरणगावातल्या शंभरेक माणसांना बोलतं केलं. त्याचं पुस्तक २००४ साली आलं. परिणाम असा झालाय, की आमच्याकडची सत्तरीपुढची माणसं मुलाखत देण्यात पक्की तयार झाली आहेत. पाठीला सॅक लावलेलं कुणी चाळीच्या दारात दिसलं, की तळमजल्यावरचे कॉम्रेड आधी चष्मा पुसतात, मग "रेकॉर्डर चालू केलात का?" असं विचारतात आणि थेट १८ जानेवारी १९८२ ला हात घालतात. मध्ये चहा येतो, संपाचे नेते डॉक्टर सामंत येतात, अडीच लाख कामगार येतात आणि "तो संप अजून कुणी मागे घेतलेला नाही, लिहून घ्या" यावर मुलाखत संपते. हे शेवटचं वाक्य ते उभं राहून म्हणतात.

माझ्या भाचीने त्यांची पंचाईत केली. तिला संप नको होता. तिला त्यांचा मोबाइल बघायचा होता.

भाची विलायतेतल्या एका विद्यापीठात पीएच.डी. करते. विषय आहे डिजिटल माध्यमांतलं राजकारण आणि सामान्य माणसाचा सहभाग. अभ्यासाला जागा म्हणून तिने लालबाग-परळ निवडलं आणि राहायला जागा म्हणून आमची खोली. विषय ऐकल्यावर तिच्या मामीने विचारलं, "म्हणजे दिवसभर व्हॉट्सॲप बघायचं आणि त्याचे पैसे मिळणार?"

"शिष्यवृत्ती म्हणतात, मामी."

"तेच ते. हे तुझे मामा निवृत्त झाल्यापासून फुकट करतायत बघ."

अशा कामात विद्यापीठाची नीतिमत्ता समिती असते आणि तिचा नियम कडक असतो: माणसाशी बोलण्याआधी त्याची लेखी संमती घ्या. नियम चांगलाच आहे. फक्त तो करणाऱ्यांपैकी कुणी उपकरप्राप्त इमारतीत राहिलेलं नसावं. आमच्यासारख्या चाळीच्या पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते, आणि ती गोळा करायला एकामागून एक विकासक येऊन गेले आहेत. त्यामुळे आमच्याकडे पोर बोलायला लागलं की त्याला दोन गोष्टी शिकवतात: गॅलरीच्या कठड्यावर चढायचं नाही आणि संमतीपत्रावर सही करायची नाही. भाची सकाळी दहाला 'संमतीपत्र' असं ठळक छापलेली दोन-दोन पानं घेऊन पहिल्या मजल्यावर गेली. साडेदहाला चाळीच्या ग्रुपवर संदेश आला: "सावधान. बिल्डरने नवीन माणूस पाठवला आहे. मुलगी आहे. गोड बोलते. कुणीही सही करू नये." त्याखाली पटापट अंगठे उमटले. भाचीला आदल्याच रात्री त्या ग्रुपात घेतलेलं असल्यामुळे हे सगळं तिला दिसत होतं. तिच्या संशोधनातली पहिली नोंद तिच्यावरच आहे.

आता या ग्रुपविषयी. नाव 'आपली चाळ (अधिकृत)'. कंसातला शब्द वाचला की शहाण्याला कळतं, की एक अनधिकृतही असणार. चाळीत खोल्या ऐंशी आणि ग्रुपमध्ये माणसं दीडशेच्या वर, कारण चाळ सोडता येते, ग्रुप सोडता येत नाही. लग्न होऊन विरारला गेलेली मुलगी त्यात आहे, डोंबिवलीत टू बीएचके घेतलेला मुलगा त्यात आहे, न्यू जर्सीत स्थायिक झालेला पुतण्याही आहे. पाणी किती वाजता येतं, संडासाचा दिवा कुणी फोडला, गणपतीची वर्गणी किती असावी, या प्रश्नांवर सगळ्यात पोटतिडकीने हीच मंडळी बोलतात. न्यू जर्सीचा पुतण्या तर आमच्या नळाच्या वेळेला जागा असतो. त्याच्याकडे तेव्हा संध्याकाळ असते, ही गोष्ट वेगळी.

ग्रुपचे ॲडमिन म्हणजे चाळ कमिटीचे सेक्रेटरी. माणूस भित्रा. कुणी काही वेडंवाकडं टाकलं तर पोलीस आपल्यालाच नेणार, या धास्तीने ते झोपेतून उठून ग्रुप तपासायचे. पुढे मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं, की सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा मिळून तसा इरादा असल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. सेक्रेटरींनी त्या बातमीचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि देव्हाऱ्याशेजारी लावलं. तरी खोड गेली नाही. वाद तापला की ते 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' ही कळ दाबतात. चाळीत याला 'आणीबाणी' म्हणतात. "काल किती वाजता उठली?" "अकराला उठली, पण पेपरवाला यायच्या आत परत लागली."

भाची आली ते २०२५ चे पावसाळ्याचे दिवस. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्येच संपलेली, निवडणूक नाही, म्हणजे नगरसेवक नाही. माजी नगरसेवक मात्र सगळ्या पक्षांत होते. गटार तुंबलं की फोटो ग्रुपवर, आणि खाली "संबंधितांनी लक्ष द्यावे". हे संबंधित कोण, ते भाचीला शेवटपर्यंत सापडलं नाही. आम्हालाही नाही. त्याच ऑगस्टात दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला, ती ताडपत्री लोकांनी फाडली, आणि आमच्या ग्रुपने इतक्या वर्षांत जे पाहिलं नव्हतं ते राजकीय मंथन सुरू झालं. ज्यांनी लोकसभेच्या वेळी तोंड उघडलं नव्हतं ते फुप्फुसांच्या एक्स-रेचे फोटो टाकू लागले. दुसरा पक्ष भूतदयेवर आला. एकाने मध्येच "आणि मांजरांचं काय?" असं विचारून तिसरी आघाडी उघडली. रात्री आणीबाणी लागली.

भाची हे सगळं तक्त्यांत भरत होती. तिच्या शास्त्रात एक जुना ठोकताळा आहे, याकोब नील्सन यांनी २००६ साली मांडलेला: ऑनलाइन जमावात शंभरातले नव्वद नुसते वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच जण बडबडतो. आमच्या ग्रुपला तो चपखल बसला. बडबडणारा एक म्हणजे डोंबिवलीकर. उरलेल्या नव्वदांपुढे भाचीने 'असहभागी' असं लिहिलं. मामी भाजी निवडत होती. ती म्हणाली, "कोण असहभागी?"

"हे सगळे. बघतात, पण काही बोलत नाहीत."

"गॅलरीत ये जरा," मामी म्हणाली.

संध्याकाळी सात ते आठ आमच्या गॅलरीत ग्रुपचं वाचन होतं. कुणी काय टाकलं, का टाकलं, ते लिहून कुणी दिलं असेल, अंगठा कुणी दिला आणि कुणी मुद्दाम दिला नाही, कुणाच्या निळ्या खुणा आल्या आणि कुणाच्या नाहीत. या सभेला विषयपत्रिका नाही, इतिवृत्त नाही आणि ॲडमिनची कळही नाही. ग्रुपवर एक ओळ पडते, तिच्यावर गॅलरीत तासभर भाष्य चालतं. भाचीने वही काढली तेव्हा बायका गप्प झाल्या. वही ठेवली तेव्हा पुढे सुरू झाल्या. त्यातून तिला कळलं, की अधिकृत ग्रुपच्या पोटात 'बी विंग फक्त आपले' आहे, त्याच्या पोटात 'फक्त आपले – दोन नंबर वगळून' आहे, आणि दोन नंबरवाल्यांना हे माहीत आहे.

लोक ग्रुपवर बोलत नाहीत ते काही बावळट म्हणून नव्हे. आपल्याकडे माणूस अंगठाही विचार करून देतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला फेसबुकवरच्या एका मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली होती. एकीने मुंबईतल्या बंदविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि दुसरीने त्या नुसत्या 'लाइक' केल्या होत्या. ते माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६-अ कलमाखाली गाजलं, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण कलम रद्द झाल्याचं पुष्कळांना माहीत नसतं, अटक झाल्याचं सगळ्यांना माहीत असतं.

आधीचं माध्यम कोणतं होतं, असं भाचीने कॉम्रेडना विचारलं. त्यांना एकदाचा सूर सापडला. नाक्यावरचा काळा फलक, खडूने लिहिलेला. लिहिणाऱ्याचं अक्षर वळणदार असावं लागे आणि तो कोण ते साऱ्या गल्लीला ठाऊक असे. प्रतिक्रिया द्यायची सोय नव्हती. फार तर रात्री कुणीतरी एक अक्षर पुसून अर्थाचा अनर्थ करून जाई. मग १३ ऑगस्ट १९६० ला 'मार्मिक' साप्ताहिक निघालं. त्यात कंपन्यांतल्या बड्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या नुसत्या याद्या छापून येत. सदराचं नाव 'वाचा आणि थंड बसा'. लोक थंड बसले नाहीत, सदराचं नाव 'वाचा आणि उठा' झालं आणि १९६६ साली शिवसेना उभी राहिली. कॉम्रेडना या इतिहासाचा आनंद असण्याचं कारण नाही. पण याद्यांची ताकद ते मान्य करतात. "आम्ही पत्रकात मार्क्स द्यायचो," ते म्हणाले, "त्यांनी शेजाऱ्याच्या साहेबाचं नाव दिलं." भाचीने हे जसंच्या तसं उतरवून घेतलं. 'वाचा आणि थंड बसा' हे नाव आमच्या ग्रुपला फार शोभलं असतं, असं मला वाटून गेलं. सेक्रेटरींना सुचवलं तर ते म्हणाले, नको, कुणी राजकीय समजेल.

पुनर्विकास हा विषय ग्रुपवर काढायला बंदी आहे आणि बाकी सर्वत्र तोच चालतो. सध्याच्या विकासकाने ग्रुपवर एक चित्रफीत पाठवली होती. तीत आमच्या जागी बेचाळीस मजली मनोरा, तळाला कारंजं आणि कारंज्याभोवती कुत्रं फिरवणारी एक गोरी बाई. आमच्यापैकी कुणीच त्यात नव्हतं. मग परळच्या एका हॉलात सादरीकरण झालं. भाचीने मला शेरी आर्नस्टीन नावाच्या अमेरिकन बाईंची सहभागाची शिडी समजावून सांगितली. १९६९ सालची, आठ पायऱ्यांची. तळाशी लोकांना नुसतं खेळवणं, मध्ये माहिती देणं, मत विचारणं, समजूत काढणं, आणि वरच्या टोकाला खरा कारभार लोकांच्या हाती. मला ती आमच्या चाळीच्या जिन्यासारखी वाटली: वरच्या तीन पायऱ्या कागदावर आहेत, पण तिथे पाय ठेवायचा नसतो हे सगळ्यांना माहीत आहे. सादरीकरणात बटाटेवडे होते. भाचीच्या मते ती पाचवी पायरी, म्हणजे समजूत काढणं. मामी म्हणाली, वडे गार होते, चौथीच धर.

आता सतरा नंबर. खोली नंबर सतरामधले गृहस्थ, बेस्टमधून निवृत्त, अत्यंत अबोल. पुनर्विकासाची नुसती छाया जरी ग्रुपवर पडली, तरी वर अक्षरं उमटतात: सतरा नंबर टाइप करत आहे… अख्खी चाळ थांबते. दूध उतू जातं. दोन मिनिटं, चार मिनिटं टाइप होतं आणि मग काहीच येत नाही. ५१ टक्क्यांचं गणित अशा ठिकाणी आलेलं होतं, की सतरा नंबर ज्या बाजूला जाईल त्या बाजूला तीन बिऱ्हाडं त्याच्या मागून जाणार. गॅलरीचा निष्कर्ष असा, की हा बेरकी माणूस विकासकाला नुसती आपल्या बोटांची चाहूल देतोय: मी अजून ठरवलेलं नाही. विकासकाचाही निष्कर्ष तोच असावा, कारण दिवाळीला सगळ्या चाळीला सोनपापडी आली आणि सतरा नंबरला काजूकतली. भाचीने या 'सूचक मौना'वर आठ पानं लिहिली. तिच्या विलायतेतल्या प्राध्यापिकाबाईंनी ती वाचून रात्री फोन केला, इतक्या त्या भारावल्या होत्या.

शेवटी भाची सतरा नंबरकडे गेली. त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला आणि खालच्या आवाजात विचारलं, "बाळ, यात 'ळ' कुठे असतो गं?"

त्यांना कीबोर्डवर 'ळ' सापडत नव्हता. नळ, चाळ, गाळा, गळती, वेळ, गोंधळ, परळ. आमच्या राजकारणात 'ळ' शिवाय एक वाक्य पुरं होत नाही, आणि 'चाल' लिहिणं त्यांच्या मराठीला मान्य नव्हतं. भाचीने 'ल' वर बोट दाबून धरायला शिकवलं. त्या दिवसापासून ते भरपूर लिहितात आणि त्यांचं कुणी ऐकत नाही. पुढची मिठाई सगळ्यांबरोबर आली.

संमतीपत्रावर सह्या मिळेनात, तेव्हा नाव न विचारणारा ऑनलाइन फॉर्म करावा असं ठरलं. चौतीस प्रश्न, शुद्ध मराठी. तो ग्रुपवर पडला आणि नेहमीप्रमाणे सगळ्यांनी पाहिला. भरला फक्त कॉम्रेडनी आणि मामीने. एका रविवारी मात्र भाची ओरडतच उठली. रात्रीत उत्तरांचा पूर आला होता. आजरा, चंदगड, पाटण, संगमेश्वर. फॉर्म फिरत फिरत परत आमच्याकडे आला तेव्हा उलगडा झाला. त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत आलं होतं: "गिरणी कामगार व वारसांसाठी अत्यंत महत्त्वाचे. हा फॉर्म भरणाऱ्यांना घरासाठी प्राधान्य." हे डोंबिवलीकराचं काम. "ताईचं अडलं होतं," तो म्हणाला, "म्हणून जरा जोर लावला."

खरं तर अशा गोष्टींना आळा आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला मुलं पळवणारे समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारलं. फिरत्या संदेशांतल्या अफवांमुळे देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल असं केलं, आणि २०२० मध्ये फार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी. पण एकेकाला पाठवतही माणसं पाठवतातच, जर त्यात घर असेल तर.

गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत २०१२ साली निघाली, ६,९२५ घरांची. आतापर्यंतचे अर्ज मिळून पावणेदोन लाखांच्या आसपास. १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हजेरी कार्ड, तिकीट, फंडाची पावती. तेव्हाचे पंचविशीतले कामगार आता सत्तरीला आलेत, आणि सरकार मुंबईबाहेरच्या शेलू-वांगणीचं नाव काढतं तेव्हा ते मुंबईचं नाव काढतात. भाचीच्या फॉर्ममध्ये नाव लिहायला जागा नव्हती, तरी लोकांनी नावं लिहिली होती. 'इतर' या चौकोनात गिरणीचं नाव, खातं, साचेखातं की त्रासन, बदली की कायम, तिकीट नंबर. 'आपण कधी ऑनलाइन निवेदनावर सही केली आहे का?' या प्रश्नाला एका आजींचं उत्तर होतं: "सही येत नाही, अंगठा आहे. नातू भरतोय. मालक वारले, माझ्या नावाने चालेल का?" प्रश्न एकोणीस होता: 'राजकीय प्रक्रियेत तुम्ही स्वतःला कितपत सहभागी मानता? १ ते ५ पैकी निवडा.' चंदगडकडच्या एकाने पाच निवडून पुढे लिहिलं होतं: "शेवटपर्यंत होतो. गावाला गेलो ते भाताच्या कापणीपुरताच."

प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, ही माहिती दूषित झाली, वापरता येणार नाही. मामी म्हणाली, मग वाचू तरी नीट. ज्यांनी फोन नंबर दिले होते त्यांना भाची आणि मी मिळून फोन करत बसलो, की हा घराचा अर्ज नाही, विद्यापीठाचं काम आहे, चूक झाली. कुणी रागावलं नाही. बऱ्याच जणांनी एकच विचारलं: घराच्या फॉर्मची लिंक कधी येणार? तळमजल्यावरून कॉम्रेड वर आले आणि चंदगडवाल्याचा नंबर लिहून घेऊन गेले.

फॉर्म आता बंद केलाय, पण संदेश अजून फिरतोच आहे. परवा न्यू जर्सीहून आला. तुमच्याकडे आला तर त्यात चौतीस प्रश्न आहेत, घर नाही. गिरणी कामगारांच्या घराचं काम म्हाडाकडे असतं, वांद्रे पूर्वेला गृहनिर्माण भवनात. घरात कुणी ८२ चा कामगार असेल तर त्याचे कागद आधी नीट लावून ठेवा, आणि हा संदेश कृपा करून पुढे पाठवू नका.